क्रॉसविंड लँडिंग बघायला मी कशी शिकले (तासगावच्या बेदाणा शेडवरून)

१८ फेब्रुवारी २०२२, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शिवजयंती होती, गावातली निम्मी पोरं शिवज्योत आणायला गेलेली आणि मी आमच्या तासगावच्या बेदाणा शेडवर मोबाईल घेऊन बसलेले. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, विषय फिजिक्स. भावाने लिंक पाठवली, म्हणाला हे बघ काय चाललंय. लंडनच्या हीथ्रो विमानतळाबाहेर जेरी डायर म्हणून एक माणूस त्याच्या बिग जेट टीव्ही या चॅनलवर लाइव्ह दाखवत होता, युनिस नावाचं वादळ आलेलं आणि त्या वाऱ्यात एकामागून एक विमानं उतरत होती. एका वेळी दोन लाखांच्या वर लोक ते बघत होते. त्याच दिवशी इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटाच्या टोकाला ताशी १९६ किलोमीटरचा झोत मोजला गेला, तो इंग्लंडचा विक्रम आहे.

मी चार तास जागची हलले नाही. पण खरं सांगते, त्या चार तासांत मला कळलं काहीच नाही, विमान डुललं की काळजात धस्स व्हायचं आणि टेकलं की सुटलो वाटायचं, बास. कुठलं लँडिंग चांगलं होतं, कुठलं जरा बिघडलेलं, पायलटने नेमकं काय केलं यातलं काही सांगता आलं नसतं. नवीन लोकांचं अजूनही असंच होतं, म्हणून क्रॉसविंडमध्ये, म्हणजे रनवेला आडव्या येणाऱ्या वाऱ्यात, विमान कसं उतरतं हे सविस्तर लिहितेय. बघण्यात मजा आहेच, पण समजून बघितलं की ती कितीतरी पटीने वाढते.

पहिली गोष्ट जी मला कोणी सांगितली नाही आणि नंतर कळली ती म्हणजे आधी वारा बघायचा, विमान नंतर. आपण सगळे उलटं करतो. विमान तिरकं येताना दिसतं, नाक एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, आणि वाटतं वाऱ्याने त्याला वाकडं केलंय. तसं नसतं, पायलटने मुद्दाम तिरकं धरलेलं असतं. याला क्रॅब म्हणतात, खेकड्यासारखं आडवं चालणं.

आणि हे मला पुस्तकातून कळलंच नाही, मामांमुळे कळलं. माझे मामा सांगलवाडीचे, लहानपणापासून कृष्णेत पोहलेले, मलाही त्यांनीच शिकवलं. नदीला पाणी ओढत असलं की ते एकच सांगायचे, समोरच्या घाटाला लागायचं असेल तर तोंड वरच्या अंगाला ठेव, घाटाकडे बघत पोहलीस तर आयर्विन पुलाखालून कुठल्या कुठे जाशील. होडीवालासुद्धा होडीचं तोंड वरच धरतो आणि होडी मात्र सरळ पलीकडे जाते. मी नंतर मामांना तो व्हिडिओ दाखवला तर त्यांनी दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, "अगं मग बरोबर धरलंय की त्यानं." विमानाला हवा म्हणजे नदी आहे, आख्खी हवाच बाजूला वाहतेय आणि विमान तिच्यात पोहतंय, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता किती तिरकं धरायचं? समजा विमान १४० नॉटने येतंय, मध्यम आकाराच्या जेटचा उतरतानाचा वेग साधारण तेवढाच असतो, आणि बरोबर बाजूने ३० नॉट वारा आहे, तर नाक सुमारे १२ अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वेग जास्त तर कोन कमी, वेग कमी तर कोन जास्त, अगदी पोहणाऱ्यासारखंच, जो दमलाय त्याला जास्त वर तोंड करावं लागतं.

पण वारा बरोबर बाजूने क्वचितच असतो म्हणून थोडा हिशोब करायला शिका, अवघड नाही, दहावीची त्रिकोणमिती पुरते. रनवेचा नंबर म्हणजे त्याची दिशा, शून्य काढलेली, २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. वारा २४० वरून ४० नॉट असेल तर फरक ३० अंशांचा, ३० चा साइन अर्धा, म्हणजे क्रॉसविंड २० नॉट आणि बाकी ३५ नॉटच्या आसपास समोरून. ४५ अंशाला सात दशांश धरा, ६० च्या पुढे जवळजवळ सगळाच वारा आडवा समजा. युनिसच्या दिवशी वारा नैऋत्येकडून होता आणि विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरत होती, म्हणजे आकडा कितीही भयंकर असला तरी त्यातला बराच भाग समोरून येत होता आणि समोरचा वारा विमानाला मदतच करतो. खरा त्रास गस्टचा, म्हणजे मध्येच उसळणाऱ्या झोतांचा होता. एकसारखा ३० नॉट वारा पायलटला परवडतो, पण २० वरून ४५ वर आणि परत २० वर असा उसळणारा वारा दर सेकंदाला नवीन उत्तर मागतो.

वारा कुठे बघायचा तर आपल्या भागात हे शिकवायची गरजच नाही, द्राक्षबागायतदाराच्या प्रत्येक मोबाईलमध्ये विंडी ॲप असतं, अवकाळीच्या भीतीने आमचे पप्पा फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री दोनला उठून ते बघतात. तेच ॲप, फक्त विमानतळावर बोट ठेवायचं की तिथला मेटार उघडतो. मेटार म्हणजे विमानतळाचा हवामान रिपोर्ट, बहुतेक ठिकाणी दर अर्ध्या तासाने निघतो. त्यात वाऱ्याचा गट असतो, पहिले तीन आकडे दिशा, पुढचे दोन वेग, आणि मध्ये इंग्रजी G अक्षर आलं तर त्यापुढचे आकडे गस्टचे. दिशा म्हणजे वारा जिथून येतोय ती, जिकडे जातोय ती नव्हे, इथे मी स्वतः महिनाभर घोळ घातलाय.

आता शेवटचे दहा सेकंद, माझ्या मते सगळा जीव इथेच आहे. विमान तिरकं येत येत रनवेवर आलं, जमिनीपासून तीसेक फुटांवर नाक जरा वर उचललं, आता चाकं रनवेच्या रेषेत आणायला पाहिजेत. पायलट पायाने रडर दाबतो, शेपटीवरचा उभा पडदा वळतो आणि नाक सरळ होतं. समजा वारा डावीकडून आहे, नाक डावीकडे होतं, तर उजवा पाय दाबला. पण नाक उजवीकडे फिरताना डावा पंख क्षणभर जास्त वेगाने पुढे जातो, त्याला जास्त उचल मिळते आणि तो वर यायला लागतो, आणि वर आला की वारा त्याच्या खाली शिरणार. म्हणून त्याच वेळी हाताने डावीकडे झुकवून तो पंख खाली धरून ठेवायचा. पाय एकीकडे, हात दुसरीकडे, आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत. व्यवस्थित झालं तर वाऱ्याच्या बाजूचं मागचं चाक आधी टेकतं, मग दुसरं, मग नाकाचं. एकदा का तुम्हाला ते एक चाक आधी टेकताना दिसलं ना की मग तुम्ही दुसरं काही बघूच शकत नाही.

जास्त झुकवून पण चालत नाही, कारण जेटची इंजिनं पंखाखाली लोंबतात आणि पंखाचं टोकही जमिनीला लागू शकतं. म्हणून काही मोठी विमानं थोडा क्रॅब ठेवूनच टेकतात, चाकं टेकल्यावर विमान आपोआप सरळ होतं, टायरमधून धूर निघतो आणि लोकांना वाटतं चुकलं. चुकलेलं नसतं. तसंच धाडकन टेकलं की व्हिडिओखाली कमेंटमध्ये लगेच पायलटला नावं ठेवणं सुरू होतं, ते तर मला अजिबात पटत नाही. ओल्या रनवेवर, आडव्या वाऱ्यात विमान हळुवार तरंगत ठेवलं तर ते बाजूला वाहत जातं आणि चाकांखाली पाण्याचा थर राहून ब्रेक लागत नाहीत, तिथे ठामपणे टेकवणं हेच बरोबर असतं. टेकल्यावर पण काम संपत नाही बरं का, शेपटीचा उभा भाग वारा पकडतो आणि नाक वाऱ्याकडे ओढत राहतो, त्यामुळे वेग पुरता कमी होईपर्यंत नजर हटवू नका.

अजून एक, लांबून झूम करणारी लेन्स अंतर दाबून दाखवते. विमान जागेवर लटकलंय आणि थयथय नाचतंय असं जे दिसतं त्यातला काही भाग लेन्सचा असतो. शक्य असेल तर बाजूने घेतलेला व्हिडिओ पण बघा, तेच लँडिंग बरंच शांत दिसतं.

गो-अराउंडबद्दल, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाण्याबद्दल, मला मनापासून बोलायचंय. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळात चेन्नईला एक विमान टेकता टेकता डुललं आणि परत वर गेलं, ती क्लिप आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरली, कॅप्शन काय तर थोडक्यात बचावले. मी ती क्लिप वीसेक वेळा बघितली असेल. पायलटने बघितलं की जमत नाही, पूर्ण ताकद दिली आणि वर गेला, हेच तर त्याला शिकवलेलं असतं. उतरायचा प्रयत्न सोडून देणं हा कायम हाताशी असलेला पर्याय आहे आणि दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन धरूनच विमान निघतं. १ मार्च २००८ ला जर्मनीत हॅम्बर्गला एमा वादळात एका एअरबस ए३२० विमानाचा डावा पंख चक्क रनवेला घासला, पायलटांनी तिथून पण विमान उचललं आणि मग वाऱ्याच्या जास्त समोर असलेल्या दुसऱ्या रनवेवर सुखरूप उतरवलं, कोणाला काही झालं नाही. मी आता गो-अराउंड दिसला की खुश होते, कारण तिथे निर्णय दिसतो.

विमानाची मर्यादा किती असा प्रश्न नेहमी येतो. ए३२० साठी चाचणीत करून दाखवलेला क्रॉसविंड गस्टसकट ३८ नॉट आहे, बोइंग ७३७-८०० चा त्याहून थोडा कमी. हा करून दाखवलेला आकडा आहे, प्रत्यक्षात एअरलाइन स्वतःची मर्यादा ठरवते आणि रनवे ओला असला की ती अजून खाली येते.

आपल्याकडचा वळीव आणि ते युरोपातलं वादळ यात गल्लत करू नका. मे महिन्यात दुपारी चारला आभाळ काळं होतं, धुळीचा लोट येतो, शेडनेट फाटतं, पत्रे उडतात आणि अर्ध्या तासात सगळं शांत, तो ढगातून खाली कोसळलेला थंड वारा असतो. तो काही मिनिटांत दिशा पूर्ण बदलतो, समोरचा वारा एकदम मागचा होतो आणि विमानाची उचलच जाते. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसला असाच मायक्रोबर्स्ट लागून विमान पडलं होतं, त्यानंतर असा वारा ओळखणाऱ्या यंत्रणांवर खूप काम झालं. अशा वेळी विमानं उतरत नाहीत, बाहेर थांबतात नाहीतर दुसरीकडे जातात. आणि मोठं चक्रीवादळ आलं की विमानतळच बंद ठेवतात, १७ मे २०२१ ला तौक्तेमध्ये मुंबई विमानतळ कित्येक तास बंद होता. म्हणून शिकायला युरोपातली हिवाळी वादळं बरी, वारा दिवसभर एकाच बाजूने टिकून राहतो आणि विमानं उतरत राहतात. साधारण ऑक्टोबर ते मार्च लक्ष ठेवा, हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिथली सकाळ आपल्या दुपारी सुरू होते, जेवण करून निवांत बसता येतं.

प्रत्यक्ष बघायचं तर आपल्याला जवळ कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ. रनवे ०७-२५, म्हणजे पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा बहुतेक समोरूनच येतो, रनवे बांधताना तिथला नेहमीचा वारा बघूनच दिशा ठरवतात. त्यामुळे तिथे युनिससारखं काही दिसेल ही अपेक्षा ठेवू नका, पण जुलैमध्ये वारा जरा वायव्येकडे सरकला की एटीआर (पंख्यावर चालणारं छोटं प्रवासी विमान) येताना नाक उजवीकडे धरलेलं स्पष्ट दिसतं. सार्वजनिक रस्त्यावरून, गाडी बाजूला लावून बघा, कुंपणाला चिकटू नका, विजा असतील तर जाऊच नका. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे कॅमेरा काढायचा विचारही नको.

याचं करिअर होतं का विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. पायलट व्हायला कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च आमच्यासारख्या घराला झेपणारा नाही, म्हणून मी तो विचार सोडला. एअरपोर्ट्स ऑथॉरिटीची ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, एटीसी (म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण) ही परीक्षा मात्र बीएस्सी फिजिक्स-मॅथ्सवाल्यांना देता येते, इंजिनिअरिंगवाल्यांना पण, वयाची अट साधारण २७ पर्यंत. पेपरमध्ये निम्मं फिजिक्स-मॅथ्स आणि निम्मं इंग्रजी, रिझनिंग वगैरे, पुढे व्हॉइस टेस्ट आणि मेडिकल. प्रत्येक भरतीची जाहिरात स्वतः नीट वाचा, क्लासवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्या एका मैत्रिणीचं वर्ष तसंच गेलं. हवामान आवडत असेल तर भारतीय हवामान विभाग आहे, विमानतळावरचा मेटार त्यांचीच माणसं काढतात. मी सध्या एटीसीची तयारी करतेय, वेक्टरची गणितं आता मला कृष्णेच्या पाण्यासारखी दिसतात आणि तिथले मार्क जात नाहीत.

सुरुवात करताना एक वही घ्या. लाइव्ह लावा, आवाज बंद करा, मेटार उघडा, क्रॉसविंड काढा आणि विमान दिसायला लागलं की लिहा, डावं चाक आधी का उजवं. मग बघा. पहिल्या दिवशी माझे २० पैकी ११ बरोबर आले होते आणि चुकलेल्या नऊपैकी पाच वेळा मी वाऱ्याची दिशाच उलटी धरली होती.