औषध दिलं, पण सही कधी केली? नोंदींतल्या या चुका टाळा

पहाटे सहाचे डोस. रुग्ण आठ, हातात ट्रे आणि डोळा घड्याळावर, कारण हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या ड्युटीला रुग्ण सोपवण्याच्या, आत सगळं आटपायचंय. मग ट्रीटमेंट शीटवर, म्हणजे कोणतं औषध कधी दिलं याच्या कागदावर, आठही सह्या आधीच उरकल्या जातात. देणारच आहे ना! पाचव्या रुग्णाला उलटी होते, सहावा एक्स-रेला गेलेला असतो. कागद मात्र सांगतो की दोघांनाही सहा वाजता गोळी मिळाली. सकाळची सिस्टर त्या कागदावर विसंबून पुढचा डोस देते.

नोंदींच्या बहुतेक चुका औषध देणारा हात आणि सही करणारा हात यांच्यात वेळ गेल्यामुळे होतात. आधी सही करणं हा एक प्रकार. ड्युटी संपताना आठवून आठवून सगळं लिहिणं हा दुसरा, आणि तो जास्त रुळलेला. इलाज कंटाळवाणा आहे: रुग्णाने गोळी गिळली की तिथेच सही, मग पुढचा बेड.

आधीच्या ड्युटीची जागा कोरी दिसली तर ‘दिलं नसेल’ असं धरून डोस देऊ नका. दुहेरी डोस असेच जातात. आधीच्या सिस्टरला फोन करा, रुग्णाला विचारा, गोळ्या मोजा. तरीही उलगडा झाला नाही तर डॉक्टरांना सांगा. मैत्रीखातर तिच्या जागी सही तर मुळीच नको.

न दिलेला डोसही लिहावा लागतो, आणि सहीच्या जागी नुसता गोल करून भागत नाही. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाने नाडी मंदावते; ते देण्याआधी नाडी 54 भरली म्हणून गोळी थांबवली, तर नाडी किती, वेळ कोणती, कोणत्या डॉक्टरांना कळवलं आणि ते काय म्हणाले, हे चार तपशील हवेत. एसओएस, म्हणजे गरज पडली तरच द्यायच्या, औषधाचंही तेच. वेदनेसाठी इंजेक्शन दिलं, पण आधी वेदना किती होती आणि नंतर उतरली का, हे नसेल तर ती नोंद अर्धीच.

आकडे लिहिताना दशांश चिन्ह दगा देतं. 1.0 मिलिग्रॅममधला ठिपका पुसट झाला की 10 वाचलं जातं, आणि शून्याशिवाय लिहिलेलं .5 हे 5 होतं. इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी इंग्रजी ‘यू’ अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं, मग 4 चे 40 होतात. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या अमेरिकेच्या जॉइंट कमिशन या संस्थेने 2004 मध्ये वापरू नये म्हणून जी संक्षेपांची यादी ठरवली, तिच्यात या तिन्ही गोष्टी आहेत. युनिट हा शब्द पूर्ण लिहायला दोन सेकंद लागतात.

चूक सापडली तर व्हाइटनर नको, गिरवागिरवी नको. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी योग्य नोंद, तारीख, वेळ, सही. उशिरा लिहिताय तर ‘उशिरा नोंद’ असंच लिहा आणि लिहितानाची खरी वेळ टाका. संगणकावर नोंद कोणी, कधी उघडली आणि बदलली याची नोंद आपोआप राहते. रात्री दहाला लिहून आठची वेळ टाकली, तर चौकशीत ते पहिल्या तासातच उघडं पडतं.

मॉर्फिन, फेंटानिलसारख्या तीव्र वेदनाशामकांचा नशेसाठी गैरवापर होतो, म्हणून त्यांचा हिशेब वेगळ्या रजिस्टरात राहतो; तिथे हयगय सर्वांत महाग पडते. 10 मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधलं 4 दिलं, 6 टाकून दिलं. ते टाकताना साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. ‘नंतर सही करते’ म्हणणारी साक्षीदार स्वतःची नोकरी पणाला लावते, कारण या रजिस्टरातली तफावत निष्काळजीपणा म्हणून नव्हे, तर चोरीचा संशय धरून तपासली जाते.

मेमो (खुलासा मागणारं पत्र) हातात आला की

सही राहून जाणं आणि खोटी सही करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समंजस व्यवस्थापन अनवधानाची चूक, अंगवळणी पडलेला शॉर्टकट आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई यांत फरक करतं: पहिल्यात आधार, दुसऱ्यात समज, तिसऱ्यात कारवाई. साधी राहिलेली सही तिसऱ्या खान्यात नेऊन बसवते ती नंतरची लपवालपवी. म्हणून चूक कळताच आधी रुग्णाला तपासा, मग डॉक्टर, इन्चार्ज आणि घटना अहवाल. मेमो आल्यावर जुन्या शीटला हातही लावू नका.

उत्तरात वेळा लिहा, तुमच्याकडे किती रुग्ण होते ते लिहा, मधेच कोणता अत्यवस्थ रुग्ण आला तेही लिहा. दुसऱ्यावर ढकलू नका, पण न केलेली चूक कबूलही करू नका. त्याच क्षणी उत्तर मागितलं तर लेखी मुदत मागा, आणि प्रत स्वतःकडे ठेवा. संघटना असेल तर प्रतिनिधीशी आधी बोला.

इन्चार्ज सिस्टरसाठीही एक गोष्ट. एकाच पाळीत तीन वेगवेगळ्या सिस्टरची तीच सही राहत असेल, तर तीन मेमो काढण्याआधी त्या वेळेला डोस, ड्रेसिंग आणि राउंड एकत्र येतात का ते बघा.