कोनफळ: बेणे आत्ता निवडा, पावसाआधी लावा

कोनफळ म्हणजे वेलाखाली जमिनीत धरणारा खाण्याचा कंद. घरात ठेवलेल्या कोनफळांच्या माथ्याला कोंब दिसू लागले, की लागवडीची वेळ झाली असे समजावे. कोकणात एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बेणे, म्हणजे लावायचे कंदाचे तुकडे, जमिनीत गेले पाहिजे. पाऊस लागल्यावर लावलेलेही उगवते, पण वेल एप्रिलचा असो की जूनचा, पावसाळा सरून थंडी लागली की पिवळा पडू लागतो. उशिरा लावलेल्याला कंद पोसायला दिवसच उरत नाहीत.

कोनफळ बहुवर्षायू आहे. काढणी न करता सोडले तर दर पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा फुटते. त्यावरून अनेकांना वाटते, की जमिनीतला कंदच वर्षानुवर्षे मोठा होत जातो. तसे होत नाही. जुना कंद कोंबाला अन्न पुरवता पुरवता आकसतो, शेवटी नुसती साल उरते आणि माथ्याजवळ नवा कंद धरतो. नव्या वेलाची सुरुवातीची सगळी ताकद या जुन्या तुकड्यातून येते. म्हणूनच बारीक बारीक फोडी करून बेणे पुरवण्याची काटकसर इथे अंगाशी येते. 250 ते 300 ग्रॅमचा तुकडा हवाच, आणि प्रत्येक तुकड्याला साल हवी, कारण कोंब सालीलगतच फुटतो.

माथ्याचे तुकडे आधी उगवतात, मधले आणि बुडाकडचे मागून. सगळे मिसळून लावले तर लवकर चढलेले वेल मागच्यांवर सावली धरतात. तुकडे वेगळे करून वेगळ्या ओळीत लावा. कापलेला भाग राखेत घोळवून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. ओला काप थेट मातीत गेला तर कुजतो. सालीवर पांढुरके, चिकटलेले बारीक खवले दिसले तर ती खवले कीड आहे. असे कंद बेण्याला घेऊ नका.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण घोरकंद’ ही जात आपल्या भागासाठी आहे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या ‘श्री कीर्ती’, ‘श्री रूपा’ आणि ‘श्री शिल्पा’ याही जाती आहेत. घरच्यासाठी मात्र गावातलेच चवीचे, जांभळ्या गराचे बेणे मिळत असेल तर ते सोडू नये.

दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे 90 सेंटिमीटर अंतरावर घ्या. गुंठ्यात साधारण 125 खड्डे बसतात, म्हणजे 250 ग्रॅमच्या हिशेबाने 31 ते 32 किलो बेणे लागेल. वरची माती आणि एक ते दीड किलो कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरा. जांभ्या जमिनीत इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कडक थरात खणलेला खड्डा जुलैत पाण्याने भरून राहतो आणि कंद आतल्या आत सडतो. त्यामुळे माती जमिनीच्या वर वीतभर उंच येईल एवढी भरा आणि त्या उंचवट्यात बेणे लावा. दगड-गोटे वेचून काढा. त्यांना अडून कंद वाकडे, फाटे फुटलेले होतात आणि सोलताना निम्मा गर जातो. लावल्यावर पाल्याचे जाड आच्छादन करा, नाहीतर मेच्या उन्हात तुकडे तापून वाळतात.

रासायनिक खत द्यायचे तर उगवणीनंतर आठवड्याभरात प्रत्येक वेलाला 30 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, 7 ग्रॅम युरिया आणि 5 ते 6 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्या. महिन्याने तण काढून मातीची भर लावताना तेवढाच युरिया आणि पोटॅश पुन्हा द्या. खत कोंबाला चिकटू देऊ नका.

उगवल्यापासून पंधरा दिवसांत वेल आधारावर चढवा. जमिनीवर लोळणारा वेल चिखलाने माखतो आणि पानांवर करपा येतो: आधी तपकिरी-काळे ठिपके, मग शेंडे जळत जातात. बांबू चांगला, गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) दांडेही चालतात. उंची दहा फुटांच्या आसपास ठेवा आणि वाऱ्याने पडू नयेत म्हणून काथ्याने एकमेकांना बांधा. दाट आंब्याखाली कोनफळ लावू नका, पानांना ऊन हवे. करप्याची जुनी पाने-वेल गोळा करून जाळा. दरवर्षीच करपा येत असेल तर फवारणी सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवा.

लागवडीपासून नऊ-दहा महिन्यांनी वेल पूर्ण वाळला की काढणी. कुदळ वेलापासून फूट-दीड फूट लांब मारा आणि शेवटी हाताने माती सारा. जखमी कंद आधी खा. चांगले कंद न धुता, सावलीत, हवेशीर जागी एका थरात पसरा. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने गर आतून काळा पडतो. नीट सांभाळलेल्या वेलाला दोन किलोच्या आसपास कंद मिळतो.

रानातून आणलेला ओळख नसलेला कंद कोनफळ समजून खाऊ नये. कोनफळाचा वेल चौकोनी, कडांना पापुद्र्यासारखी पट्टी असलेला असतो आणि पाने साधी, समोरासमोर येतात. एकाच देठावर तीन पाने असलेल्या रानकंदात विष असते.

सोलताना हाताला तेल लावा, चिकट रसाने खाज सुटते. फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाका म्हणजे काळवंडत नाहीत. कच्चे खाऊ नये. जाड फोडी मीठ घालून वाफवल्या की नुसत्या ओल्या खोबऱ्याबरोबर उत्तम लागतात. उपवासाला जिरे, हिरवी मिरची आणि दाण्याच्या कुटाची भाजी करतात. भज्यांसाठी मात्र काप पातळ हवेत, नाहीतर बाहेरून तळले तरी आत कच्चे राहतात. पिठात सोडा घालू नका, त्याने जांभळा रंग निळसर-करडा होतो. लिंबू पिळले तर तोच रंग लालसर खुलतो.