नवा फ्लॅट घेताय? टोकन देण्याआधी मंजूर नकाशा मागा

बजेट, एरिया आणि कर्जाची पात्रता तुम्ही ठरवलीय, असं धरून चालतो. नाशिकमध्ये पाथर्डी फाटा बरा की म्हसरूळ, हे सांगणारे मामा-काका घरोघरी असतातच.

सुरुवात महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून करा. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की पूर्णत्वाची तारीख, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे दिसतात. ही माहिती बिल्डरच भरतो, म्हणून स्वतःच्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा आणि व्यवहारांचा तपास, घ्यायचाच. 'बँक लोन देतेय म्हणजे सगळं क्लिअर' असं कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. बँक तिच्या पैशांपुरतं बघते. तुमच्या किचनची भिंत नकाशात कुठे आहे, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं.

आता खरं काम: मंजूर नकाशा. ब्रोशरमधला सोफे मांडलेला रंगीत प्लॅन नको. महापालिकेच्या नगररचना विभागाचा शिक्का असलेला हवा. मागितल्यावर 'सर, सगळं अप्रूव्ह्ड आहे' असं गोड उत्तर येतं. पुन्हा मागा. मंजूर नकाशा बघणं हा रेरा कायद्याने दिलेला हक्क आहे. महारेराच्या पानावरही तो असतो, पण प्रिंट मोठ्या कागदावर काढा, नाहीतर आकडे मुंग्यांसारखे दिसतात.

हा नकाशा मलाही सुरुवातीला अजिबात उमगायचा नाही. रेघा कळायच्या, पण कुठली रेघ महागात पडणार ते कळायचं नाही. आता मी आधी तीनच जागा बघतो: कपाट, बाल्कनी आणि डक्ट (पाइप जाणारी उभी पोकळी). जुन्या नाशिककरांना कपाटांचं प्रकरण आठवत असेल. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली जागा बांधताना खोलीत मिसळली, चटईक्षेत्र, म्हणजे हिशेबात धरलं जाणारं बांधकाम, मंजुरीपेक्षा वाढलं आणि कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. त्यात भरडले गेले ते कर्जाचे हप्ते भरणारे. म्हणून नकाशात ड्राय बाल्कनी (कपडे-भांडी धुण्याची) आणि प्रत्यक्षात ऐसपैस किचन दिसलं, किंवा टेरेसला स्लायडिंग लावून हॉल लांबवलेला दिसला, तर खूश होऊ नका. 'सगळेच करतात' हे उत्तर महापालिकेत चालत नाही. फरक असेल तर सुधारित मंजुरी मागा. ती नसेल तर मी सरळ दुसरा फ्लॅट बघतो.

मग टेप. सँपल फ्लॅटमध्ये मापं घेऊन उपयोग नाही; तुमच्याच मजल्यावर, तुमच्याच फ्लॅटमध्ये घ्या. दुसऱ्या टोकाला माणूस हवा, आणि टेप स्कर्टिंगच्या वर धरा, कारण खालची फरशी भिंतीच्या पुढे आलेली असते. ३.३५ बाय ३.०५ मीटरची खोली म्हणजे १०.२ चौरस मीटर, त्याला १०.७६४ ने गुणा, साधारण ११० चौरस फूट. रेराच्या कार्पेटमध्ये, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापराच्या क्षेत्रात, आतल्या भिंतींची जाडी धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. बेरीज साठेखतातल्या (बिल्डरशी होणाऱ्या विक्री करारातल्या) आकड्याशी ताडून बघा. महाराष्ट्राच्या नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. क्षेत्र कमी भरलं तर जादा दिलेले पैसे परत मागता येतात.

दरही कार्पेटवरच काढा. समजा '९०० फूट, साडेचार हजारांनी' असं सांगितलं, म्हणजे ४० लाख ५० हजार. कार्पेट ६२० निघालं तर तुमचा खरा दर साडेसहा हजारांच्या वर गेला. हे ९०० म्हणजे सेलेबल, त्यात भिंती, जिना, लॉबीचा वाटा मिसळलेला असतो; हा शब्द ऐकला की कॅल्क्युलेटर काढायचा.

नकाशा हातात आहे तोवर पार्किंगही बघून घ्या. उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही; कव्हर्ड असेल तर त्याचा क्रमांक आणि जागा साठेखतात लिहून घ्या. गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीच्या काठाजवळ इमारत असेल तर निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा) कुठून जाते ते विचारा. २००८ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे सेल्समनपेक्षा शेजारच्या किराणा दुकानदाराला जास्त ठाऊक असतं.

एवढं जुळलं की टोकन. नोंदणीकृत साठेखताआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. रोख तर एक रुपयाही देऊ नका.

रेडी पझेशन असेल तर कम्प्लीशनची, म्हणजे पूर्णत्वाच्या दाखल्याची, प्रत घेऊन त्यावरची विंग आणि मजले वाचा. पार्ट कम्प्लीशन (इमारतीच्या काही भागापुरता दाखला) असेल आणि तुमचा मजला त्यात नसेल, तर तो कागद तुमच्या काही कामाचा नाही. पूर्ण दाखल्यानंतर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के. ४५ लाखांपर्यंत किंमत आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर १ टक्का. खरेदी फक्त बाईच्या नावे केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे बिल्डरच्या रकमेतून आयकर, तुम्ही कापून भरायचा.

ताबा घेताना वीजमीटर तुमच्या नावावर करून घ्या आणि पाणी महापालिकेच्या नळाचं येतं की बोअरचं, ते वॉचमनला विचारा. गळती, तडे दिसले तर फोनवर सांगू नका, ईमेल करा. बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरने स्वखर्चाने करायची असते, आणि तेव्हा तारखेचा पुरावा लागतो.