ऑरलँडोला निघताय? पहिल्याच दिवशी या चुका टाळा

दिवाळी संपली की ठाणे, मुंबई, अलिबागकडच्या आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) मंडळींचे फोन सुरू होतात. नाताळच्या सुटीत मुलांना डिस्ने दाखवायचंय, तुम्ही न्यू जर्सीत राहता, जरा सांगा. मी सांगते. समोरून 'हो, हो' येतं आणि मग नेमकं तेच केलं जातं, जे करू नका म्हणून घसा कोरडा केलेला असतो. कुठल्या दिवशी कुठलं पार्क, कुठली राइड आधी, याचे तक्ते सगळ्यांकडे तयार. घराला कुलूप लावल्यापासून हॉटेलच्या खोलीत बॅग टेकवेपर्यंतच्या दिवसाचा तक्ता मात्र कोणाकडेच नसतो. सहलीचा विचका तिथेच होतो.

शुक्रवारी पोहोचणारं तिकीट

गुरुवारी रात्री मुंबईहून निघायचं, शुक्रवारी दुपारी अमेरिकेत उतरायचं, संध्याकाळी ऑरलँडो. हिवाळ्यात इथलं घड्याळ साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे अर्धा दिवस फुकटात मिळाल्यासारखा वाटतो. एक रजा वाचते. तिकीटही बऱ्याचदा स्वस्त दिसतं. मुंबईहून ऑरलँडोला थेट विमान नाही, वाटेत एकदा तरी, बहुतेकदा दोनदा विमान बदलावं लागतं, हे तिकीट काढताना कोणी मनावर घेत नाही.

यात आणखी एक खोच आहे. डिसेंबरात ऑरलँडोला सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. त्याच्या 18 मिनिटं आधी शब्बाथचे दिवे लावायचे. शब्बाथ म्हणजे आपला विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत; तेवढ्यात प्रवास नाही, फोन नाही, विजेला हात लावणं नाही. मंडळी ही वेळ मोबाइलवर बघतात, विमान साडेचारला ऑरलँडोत उतरतं हे बघतात आणि निश्चिंत होतात. पण शब्बाथ तुम्ही जिथे उभे असाल तिथे लागतो. न्यूअर्कला त्याच दिवसांत सूर्य साडेचारलाच मावळतो. विमान चुकून न्यूअर्कमध्ये अडकलात, की तुमचा हिशेब एका तासाने खोटा ठरला.

आणि शुक्रवारी जायचा सल्ला देतं कोण? मे महिन्यात जाऊन आलेले. मे महिन्यात ऑरलँडोला सूर्य आठनंतर मावळतो. 'आम्ही शुक्रवारीच गेलो होतो, काही होत नाही' असं ते छातीठोक सांगतात आणि डिसेंबरात जाणारे माना डोलावतात.

माझ्या ठाण्याच्या मावसभावाने असंच तिकीट काढलं. तो, वहिनी, दोन मुलं आणि काका. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी मलिदा झाला, म्हणजे गोड पोहे आणि फळं ठेवून करायचा नवसाचा विधी. इलियाहू हनाबींचं (प्रेषित एलियांचं) नाव घेऊन प्रवासाला निघायचं, हे आपल्याकडे रीतीचंच. पोहे, गूळ, खोबरं तिथेच संपलं, पण ताटातली सफरचंदं आणि केळी उरली. नवसाची फळं टाकायची कशी, म्हणून वहिनींनी ती रुमालात बांधून हातातल्या बॅगेत ठेवली.

शुक्रवारी साडेअकराला ते न्यूअर्कला उतरले. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाऊल ठेवता तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच सामान उचलून कस्टम्समधून न्यायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचं. पट्ट्यापाशी सामानाची वाट बघत उभे असताना एक बीगल कुत्रा आला, वहिनींची बॅग हुंगली आणि शेजारी शांत बसला. मुलं खूश, लाड करायला पुढे झाली. हा कुत्रा भुंकत नाही, नुसता बसतो. त्याचं बसणं म्हणजेच तक्रार. फॉर्म-बिर्म काही नसला तरी खाण्याचं काय आहे ते विचारलं जातं, आणि काकांनी 'काही नाही' असं सांगून ठेवलेलं. मग वेगळी रांग, सगळ्या बॅगा उघडणं, फळं जप्त. ताजी फळं अमेरिकेत आणता येत नाहीत. आणलीत आणि सांगितलं नाहीत तर दंडही होऊ शकतो. इथे समज देऊन सोडलं, पण तासभर गेला आणि दीडचं विमान गेलं.

पुढच्या ज्या विमानात पाच जागा होत्या ते सहाचं. काकांनी स्वच्छ सांगितलं, दिवेलागणीनंतर मी विमानात चढणार नाही, तुम्ही जा. पावणेतीनला मावसभावाचा मला फोन. 'ताई, आता काय करू?' मी म्हटलं, टॅक्सी कर आणि सगळ्यांना घेऊन माझ्याकडे एडिसनला ये. शुक्रवार दुपारची गर्दी, त्यात सुटीचा आठवडा. दिव्यांना दहा मिनिटं असताना ते दारात पोहोचले, अंगावरच्या कपड्यांनिशी. मोठ्या बॅगा पट्ट्यावर देऊन झालेल्या, त्या ऑरलँडोला पोहोचल्या. त्यातच काकांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि तेफिल्लिन, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेला हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी पेट्या. शनवारी तेफिल्लिन लागत नाही, पण रविवारी सकाळी लागतं. गोळ्या तर रोजच लागतात. त्या शेवटी डॉक्टर शेजाऱ्याकडून मिळाल्या.

खरं नुकसान पुढे झालं. हॉटेलला कोणी कळवलंच नव्हतं. शब्बाथ लागला, फोन बंद. शनिवारी अंधार पडल्यावर फोन लावला तर पलीकडून उत्तर: पहिल्या रात्री तुम्ही आला नाहीत, बुकिंग रद्द. एका रात्रीचं नाही, सगळंच. बरीच हॉटेलं असं करतात आणि ते अटींत लिहिलेलं असतं. नाताळच्या आठवड्यात पाच जणांना खोली मिळवताना नाकी नऊ आले, विमानात जागा मिळाली ती सोमवारची.

म्हणून माझा शिरस्ता सांगते. पद्धत वगैरे काही नाही, सवय आहे. डिसेंबर-जानेवारीत मी गुरुवारनंतर पोहोचणारं तिकीट बघतच नाही. गुरुवारी पोहोचा, नाहीतर शनिवारी रात्री मुंबईहून निघून रविवारी पोहोचा. काही गडबड झाली तर पहिला फोन हॉटेलला, दुसरा नातेवाइकांना. 'उशिरा येतोय, खोली ठेवा' एवढंच सांगायचं आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं. औषधं आणि तेफिल्लिन हातातल्या बॅगेत, यावर चर्चा नाही.

'आम्ही काही एवढं कडक पाळत नाही' म्हणणारेही भेटतात. नका पाळू, तुमचा प्रश्न. पण बरोबर येणारे आजी-आजोबा पाळतात का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून. सत्तरीतल्या माणसाकडून गेट नंबर 23 समोर उभं राहून हे बदलून मिळणार नाही.

इस्राएलमधल्या आपल्या नातेवाइकांना हा धडा सहसा शिकावा लागत नाही, कारण इस्राएलची विमान कंपनी एल आल शब्बाथला उडतच नाही. अश्दोदची माझी आत्या मात्र दुसरीकडे फसते.

कोशेर जेवण 'सांगितलंय' म्हणजे आलंच असं नाही

एल आलमध्ये सगळंच जेवण कोशेर, म्हणजे आपल्या धर्माच्या नियमांत बसणारं, त्यामुळे आत्याला मागून घ्यायची सवय नाही. दुसऱ्या कंपनीच्या विमानात ते मागावं लागतं आणि त्याला कोड आहे: केएसएमएल. बहुतेक कंपन्यांना किमान 24 तास आधी कळवावं लागतं, काहींना 48. एजंट 'टाकलंय' म्हणतो. त्याने टाकलेलं असतं पहिल्या विमानाला. पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिकडे पोहोचलं की नाही, हे त्या कंपनीच्या बुकिंगमध्ये जाऊन आपणच बघायचं. तिकीट बदललंत, वेळ बदलली, की ही नोंद अनेकदा गळून पडते. मी तिकीट घेतल्यावर एकदा, निघायच्या तीन दिवस आधी एकदा आणि काउंटरवर एकदा विचारते. काउंटरवरची मुलगी कंटाळते. कंटाळू दे.

डबा सीलबंद येतो. एअर होस्टेसने तो आधी तुम्हाला दाखवून, मग सील न तोडता गरम करायचा असतो. नव्या मुलांना हे ठाऊक नसतं, मदत म्हणून ती झाकण उघडून भांड्यात काढून आणतात. बसल्या बसल्या सांगून ठेवा. आणि केएसएमएलऐवजी शाकाहारी मागवून 'तेच ते' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

अमेरिकेतल्या अमेरिकेत उडणाऱ्या विमानात इकॉनॉमीला बहुधा बिस्किटं आणि कॉफीवरच भागवावं लागतं. न्यूअर्क ते ऑरलँडो तीन तास. मुलांसाठी चकल्या, दशम्या, लसणाची सुकी चटणी जवळ ठेवा. विचारलं तर खाण्याचं आहे म्हणून सांगा. सांगितलेल्या चकलीने कोणाचं विमान चुकल्याचं मी ऐकलेलं नाही.

डिस्नेत बसून जेवायच्या रेस्टॉरंटात कोशेर ताट हवं असेल तर किमान 24 तास आधी कळवावं लागतं. म्हणजे पहिल्या रात्रीचं जेवण तुम्ही घरून निघण्याआधीच सांगायला हवं, कारण 24 तास आधी तुम्ही आकाशात असता. हे साधं गणित कोणी करत नाही आणि रात्री नऊला केळी-वेफर्स खाऊन झोपतात.

बाकीच्या चुका

किद्दुशसाठी (शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेसाठी) मनुकांचं सरबत बाटलीत भरून हातातल्या बॅगेत नेऊ नका, 100 मिलिलिटरच्या वर सिक्युरिटीला काढून घेतात. मनुका तिकडच्या दुकानात मिळतात, रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा.

मुंबईहून निघताना काडेपेटी, लायटर घरीच.

खोलीत तेलाचा दिवा किंवा मेणबत्ती लावू नका. हॉटेलांत उघडी ज्योत चालत नाही, धुराचा अलार्म वाजला तर सगळा मजला खाली. काउंटरवर विचारा, एखादी जागा देतात, नाहीतर बॅटरीचे दिवे. ते चालतात का, हे तुमच्या हज्जानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारा, मला नको.

खोलीचं कुलूप कार्डाचं असतं. शब्बाथला त्याचं काय करायचं, हे शुक्रवारी दुपारी ठरवा. खोली तळमजल्यावर मागा म्हणजे निदान लिफ्टचा प्रश्न सुटतो.

'डिस्नेची फुकट बस विमानतळावरून नेते' हे जुनं झालं. ती सेवा 2022 च्या सुरुवातीला बंद झाली. आता पैसे देऊन बस, टॅक्सी किंवा भाड्याची गाडी. अंतर तीसेक किलोमीटर, पण लहान मुलांची कारसीट आधी सांगून ठेवा.

आणि पोहोचल्या दिवशी पार्कात जाऊ नका. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून विमानतळावरून सरळ गेटवर जाणारे मी बघितलेत. मूल बाबागाडीत झोपलेलं, बाप रांगेत पेंगतोय, आईचं डोकं दुखतंय. डिस्नेची तिकिटं आता तारखेला बांधलेली असतात, पण चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत कधीही वापरता येतं, त्यामुळे पहिला दिवस सोडल्याने काही बुडत नाही. घाईच असेल तर शनिवारी रात्री जा. डिसेंबरात सव्वासहापर्यंत शब्बाथ सुटतो आणि आतषबाजी त्यानंतरच असते. जूनमध्ये मात्र सव्वानऊ वाजतात, तेव्हा मुलांना दुपारी झोपवून न्या.