नटबोल्टच्या साईज कमी करा, अडकलेला पैसा मोकळा होतो

जालन्याकडं आमचं पेरणी यंत्राचं छोटं वर्कशॉप आहे, ज्यांचं असंच फॅब्रिकेशनचं काम आहे त्यांच्यासाठी लिहायलोय. आधी एक रविवार काढा, सगळे डबे फरशीवर ओता अन् बोल्ट साईजप्रमाणं वेगळे करा. आम्ही केलं तर नुसत्या एम-१२ मध्येच (म्हणजे १२ मिमी जाडीचा बोल्ट) ३५, ४०, ४५, ५० मिमी अशा चार लांब्या निघाल्या, वरून काहींना १८ चा पाना लागतो तर काहींना १९ चा! ज्यानं मॉडेल काढलं त्यानं हाताला लागला तो बोल्ट टाकला, दुसरं कारणच नव्हतं.

मग एकेका जागी बघा, ४५ च्या ऐवजी ५० टाकला तर कुठं घासतोय का, फणाजवळ काडीकचरा अडकतोय का. नसंल तर ५० च धरा. समजा नगामागं एक रुपया जास्त गेला अन् यंत्रात ६० बोल्ट आहेत, तर ६० रुपये वाढले, हे लगेच डोळ्यात भरतं. पण चार ऑर्डरी, थोड्या मालाला चढा भाव, मॉडेल बंद झाल्यावर गंजत पडलेलं पोतं, बोल्ट हुडकत हिंडणाऱ्या पोराची मजुरी, हे वहीत कुणी लिहीतच नाही. ते लिहा अन् मगच ठरवा.

बेअरिंगचंही तसंच. यूसी २०५ हा बेअरिंगचा नंबर, त्यातल्या शेवटच्या ०५ ला ५ नं गुणा, म्हणजे ते २५ मिमीच्या शाफ्टला बसतं. लोड बसत असंल तिथं सगळीकडं हाच ठेवा, जिथं ३० चा शाफ्ट खरंच लागतो तिथं मात्र कंजूषी नको.

स्टॉकबद्दल सांगतात की चार वेगळ्या पार्टचा एक केला की जादा ठेवायचा माल निम्म्यावर येतो. हे खरंय, पण मागणी वेगवेगळ्या वेळी आली तरच. आपल्याकडं मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांची पेरणी एकदमच, म्हणून जूनच्या आधी एवढं कमी करू नका.

दोन ओळींतलं अंतर मात्र एकच करू नका, सोयाबीनला ४५ सेंमी लागतं, हरभऱ्याला ३०. क्लॅम्प एकच ठेवा, सरकवता येईल असा.

मागल्या जूनमध्ये ऐन पेरणीत एका शेतकऱ्याचा फोन आला, बोल्ट तुटला म्हणून. आधी असं झालं की त्याला जालन्याला यावं लागायचं, अख्खा दिवस जायचा. यावेळी म्हणलं एम-१२, ५० लांबी, कुठंबी मिळंल. गावातल्याच हार्डवेअरमधून आणला, तासाभरात तिफण परत चालू.