माय समर कार या कॉम्प्युटर गेममध्ये सत्सुमा गाडी जोडताना बोल्ट नीट कसे कसायचे
फिनलंडमधला १९९५ चा उन्हाळा, आईबाप सुट्टीवर गेलेत, गॅरेजमध्ये सुटी पडलेली सत्सुमा आणि तुम्ही. पार्ट जागेवर टाकला की नुसता खट्ट आवाज येतो आणि नवीन माणसाला वाटतं झालं, पण तो फक्त अडकलेला असतो, बसलेला नसतो!

कीबोर्डवर २ दाबून टूल मोडमध्ये जा, स्पॅनर सेटमधून पाना उचला, बोल्टवर धरा, साइज बरोबर असेल तर बोल्ट हिरवा दिसतो, नसेल तर दुसरा पाना घ्या. मग माऊसचं चाक फिरवत राहा. प्रत्येक बोल्टला आठ टप्पे असतात, आवाज यायचा थांबला की पूर्ण कसला समजा. सहाव्या-सातव्यालाच सोडून दिलं तर गाडी सुरू होईलही पण खड्ड्यात आपटली की पार्ट रस्त्यावर, मग शोधत बसा.

इंजिनात घाई करू नका. आधी क्रँकशाफ्ट आणि मेन बेअरिंग, मग पिस्टन. कॅमशाफ्टच्या गिअरची खूण जुळवल्याशिवाय टायमिंग कव्हर लावू नका नाहीतर सगळं परत उघडावं लागेल, मी दोनदा उघडलंय. चाकांना १३ चा पाना लागतो.

ऑइल फिल्टर मात्र हातानेच फिरवायचा, लोक पाना घेऊन उगाच धडपडतात. शेवटी ऑइल, कूलंट, ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड भरा, आणि चावी फिरवायच्या आधी खालून एकदा सगळे बोल्ट परत तपासा, कंटाळा आला तरी.