आयपीव्ही६ सुरू करण्याआधी फायरवॉल उघडून बघा

आयपीव्ही६वर (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर) जाताना बहुतेक जण पत्त्यांच्या आखणीतच रमतात. प्रत्येक व्हीलॅनला (नेटवर्कच्या आभासी विभागाला) ६४ बिटांचा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा सामायिक भाग) दिला की ते काम तसं संपतंच. खरी गोम फायरवॉलमध्ये, म्हणजे येणारी-जाणारी वाहतूक गाळणाऱ्या यंत्रणेत असते. जुन्या आयपीव्ही४साठी लिहिलेले नियम बऱ्याच ठिकाणी आयपीव्ही६ला आपोआप लागू होत नाहीत, शिवाय नॅटचा (अनेक यंत्रं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या सोयीचा) आडोसाही सहसा उरत नाही. म्हणून बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारे नियम आधी लिहा, मगच राउटरवर प्रीफिक्सची घोषणा सुरू करा.

मात्र आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप पोचवणारा प्रोटोकॉल) सरसकट बंद करू नका. पिंग, म्हणजे यंत्र उत्तर देतं का हे अशाच निरोपाने तपासणं, बंद ठेवण्याची जुनी सवय इथे हमखास नडते. आयपीव्ही६मध्ये वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत. ‘पॅकेट फार मोठं आहे’ असा निरोप ते याच प्रोटोकॉलने मूळ यंत्राला पाठवतात. तो अडला, की लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल अर्ध्यात लटकते आणि बोल बिचाऱ्या सर्व्हरला लागतो. एआरपीचं (आयपीव्ही४मध्ये आयपी पत्त्यावरून शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधण्याचं) कामही आता याच प्रोटोकॉलकडे आहे.

डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली) एएएए नोंद, म्हणजे नावाला आयपीव्ही६ पत्ता जोडणारी नोंद, सगळ्यात शेवटी टाका, तीही बाहेरच्या जोडणीवरून आयपीव्ही६ने सेवा मिळते आहे हे तपासूनच.